जलरोधक जाकिटाची झडती

गेल्या मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली आठवीतली एक मुलगी मुंबई बंदरात शिडाची होडी चालवायला शिकायला गेली. दहा दिवसांचे शिबीर. पहाटेची लोकल, डब्यात पोळीभाजी, संध्याकाळी सातला परत. शिबिराच्या आधी पालकांच्या हाती सामानाची यादी आली. तिच्यात पहिल्याच ओळीत होते 'जलरोधक व श्वसनक्षम जाकीट व पँट, किमान १०,००० मिमी'. खाली लोकरीची टोपी आणि हातमोजेही होते. मे महिन्यात, मुंबईत!

मुलीची आई यादी घेऊन आमच्याकडे आली. आमचे काम बहुवारिकांच्या प्रयोगशाळेत चालते, म्हणून कापड, प्लॅस्टिक, रबर यांविषयीचे सगळे प्रश्न इमारतीतून आमच्याकडेच येतात. आम्ही त्या वेळी घाईत होतो. "आकडा चांगला आहे, घ्या," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. शिकवणीच्या तीन महिन्यांच्या फीइतके पैसे मोजून ते जाकीट आणि पँट आली. तिसऱ्या दिवशी मुलगी दुपारीच घरी आली. डोके गरगरत होते, दोनदा उलटी झाली होती. समुद्राचा एक थेंबही आत शिरला नव्हता, पण आतला सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. सगळे पाणी तिचे स्वतःचे होते. संध्याकाळपर्यंत ती सावरली, पण आमच्या 'घ्या' या एका शब्दाची आम्हाला लाज वाटली. ही झडती त्यातूनच सुरू झाली.

प्रथम तो आकडा. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. कापडाच्या एका तुकड्यावर खालून किंवा वरून पाण्याचा दाब हळूहळू वाढवीत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी दिसले की तेव्हाची उंची मोजतात. दहा मीटर म्हणजे साधारण तीन मजली इमारतीच्या गच्चीपर्यंतचे पाणी त्या तुकड्यावर उभे केल्यासारखे. पाऊस असा दाब कधी देतो का? तीन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाने पडतो. या वेगाचा दाब काढला तर तो सुमारे तीन मीटर पाण्याइतका येतो, तोही क्षणभर आणि टिकलीएवढ्या जागेवर. मग दहा मीटर कशाला, असे कोणीही विचारील.

इथे आकड्यावर अन्याय करायला नको. चाळीस किलोची मुलगी ओल्या फळीवर बसली आणि तिचा भार दोनशे चौरस सेंटिमीटरवर पडला, तर दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम, म्हणजेच दोन मीटर पाण्याचा दाब झाला. हीच मुलगी होडीच्या तळाशी दोन्ही गुडघ्यांवर आली आणि दोन गुडघे मिळून चाळीस चौरस सेंटिमीटर जागा टेकली, तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. म्हणजे बरोबर दहा मीटर! लहान मुले ज्या 'ऑप्टिमिस्ट' नावाच्या होडीत शिकतात (अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली ती बेतली, सव्वादोन मीटरच्या आसपासची, न्हाणीतल्या टबासारखी), तिच्यात वारा बदलला की मुलांना असेच गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या बाजूला जावे लागते. तेव्हा आकडा खोटा नाही. तो गुडघ्याचा आकडा आहे. तो जाकिटाच्या बाहीवर, पाठीवर आणि टोपीवरही छापला जातो आणि त्याचे पैसे घेतले जातात, एवढीच आमची तक्रार.

शिवाय परीक्षा होते ती कापडाच्या अखंड चकतीची. जाकीट म्हणजे चकती नव्हे. त्याला शिवणी असतात, साखळी असते, गळा आणि मनगटे असतात. सुईचे प्रत्येक भोक कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठे. चांगल्या जाकिटात शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती आहे की नाही हे लेबलावरच्या आकड्यातून कळत नाही, जाकीट उलटे करून पाहिल्यावर कळते.

हे वर्गात दाखवणे फार सोपे आहे आणि त्यासाठी परदेशी जाकीट लागत नाही. दोन इंची व्यासाचा, एक मीटर लांबीचा प्लॅस्टिकचा नळ घ्यावा. एका टोकावर कापड ताणून बसवावे, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून क्लिप आवळावी. नळ उभा धरून मगाने थोडे थोडे पाणी ओतावे आणि दर दहा सेंटिमीटरला थांबावे. पूर्ण नळात सुमारे दोन लिटर पाणी मावते, म्हणून नळ दोघांनी धरावा. खाली आरसा ठेवला की पहिला थेंब कुठून येतो ते सगळ्यांना दिसते. आम्ही छत्रीचे कापड, नायलॉनचा विंडचीटर आणि मे अखेरीस ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत दुकानांबाहेर लटकू लागतात ते दप्तरासाठी फुगीर पाठीचे शाळकरी रेनकोट, असे तीन नमुने घेतले. छत्रीचे कापड लवकरच हरले. रेनकोटचे प्लॅस्टिक नळ काठोकाठ भरला तरी ढिम्म होते. पण त्याच रेनकोटची शिवण नळाच्या तोंडाशी आणली, तेव्हा टाक्यांच्या ओळीतून थेंब रांगेने बाहेर आले. शिवणीवर मेणबत्ती घासल्यावर ती बरीच सुधारली.

मुलांना इथे एक प्रश्न जरूर पडतो. पडला नाही तर शिक्षकांनी पाडावा. छत्रीचे कापड इतक्या थोड्या पाण्याला हरते, तर छत्री पावसात कशी चालते? ती चालते कारण ती ताणलेली आणि उतरती असते, पाणी तिच्यावर उभे राहत नाही. कापडाच्या छिद्रात पाणी शिरू न देणारी गोष्ट म्हणजे पृष्ठताण. धाग्याला पाणी 'आवडत' नसेल, म्हणजे स्पर्शकोन काटकोनाहून मोठा असेल, तर छिद्राच्या तोंडाशी पाणी फुगवटा धरून अडते. छिद्र जितके लहान तितका त्याला ढकलायला लागणारा दाब जास्त. स्पर्शकोन ११० अंश आणि छिद्र एक दशांश मिलिमीटरचे असेल, तर हा दाब जेमतेम दहा सेंटिमीटर पाण्याइतका येतो. छिद्र हजारपटीने लहान केले की दाबही हजारपटीने वाढतो. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन झटक्याने ताणून जे सच्छिद्र पटल मिळवले, त्याची करामत एवढीच. पाण्याचा थेंब अडतो, बाष्पाचा रेणू निसटतो. आता त्याच नळातल्या पाण्यात कपडे धुण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून पाहा. मघाशी पाणी अडवणारा विंडचीटर गळू लागतो, कारण साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी केला. महागडी जाकिटे धुण्याच्या पावडरीत भिजवून लोक स्वतःच ती कशी बिघडवतात, हे यावरून कळते.

आमच्या शाळांतून हा विषय शिकवला जातो त्याविषयीही बोलायला हवे. चमच्याने कापडावर आणि प्लॅस्टिकवर पाणी टाकायचे, शोषले तर 'जलशोषक', ओघळले तर 'जलरोधक', अशी विभागणी करून धडा संपतो. पण पाणी ओघळणे आणि पाणी अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अळवाच्या पानावरचा थेंब घरंगळतो तो पृष्ठभागाच्या गुणामुळे. नवा विंडचीटरही तसाच थेंब झटकतो आणि नळाच्या परीक्षेत गळतो. उलट काही कापडांचा वरचा थर भिजून काळा पडतो, पण आतले पटल दाब सहन करते. चमच्याच्या प्रयोगाने पहिला पास होतो आणि दुसरा नापास. दुकानदारही गिऱ्हाइकासमोर हाच चमच्याचा प्रयोग करतो, फक्त त्याच्या हातात चमच्याऐवजी पाण्याची बाटली असते.

आता 'श्वसनक्षम'. हा शब्द आम्हाला मुळातच खटकतो. कापड श्वास घेत नाही आणि या पटलातून हवेची ये-जा जवळजवळ होत नाही. आतल्या बाजूला बाष्पदाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तर या फरकामुळे बाष्प बाहेर झिरपते. फरक नसेल तर झिरपणेही नाही. साऱ्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

घामाने चिंब झालेल्या ३५ अंश तापमानाच्या कातडीजवळ बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. उत्तरेकडच्या थंड समुद्रावर, १० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना, हवेतला बाष्पदाब एक किलोपास्कलच्या आसपास असतो. फरक साडेचारच्या वर. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरच साडेतीन किलोपास्कल आहे. फरक उरतो दोनच्या थोडा वर, म्हणजे निम्म्याहून कमी. लाटेच्या शिंतोड्यांनी जाकीट बाहेरून भिजले की तोही आणखी घटतो. (थंड समुद्रावरही सगळा फरक कामी येत नाही, जाकिटाचा आतला थर थंडगार असतो आणि बाष्प तिथेच पाणी होऊन बसते. पण ते असो.) प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी हवा, किंवा पाण्याला हपापलेला क्षारांचा द्राव ठेवतात. परीक्षेच्या पद्धतीही अनेक. एकीतला आकडा दुसरीतल्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. डोंबिवलीची हवा यांपैकी कुठल्याच पद्धतीत नाही.

आणि खरा धोका याच्याही पुढे आहे. दहा अंशांच्या हवेत माणसाची बरीचशी उष्णता घामाशिवायच निघून जाते. ३३ अंशांच्या हवेत कातडी आणि हवा यांच्यात दोन अंशांचा फरक. त्या वाटेने जवळजवळ काहीच जात नाही. शिडाच्या दोऱ्या ओढणारे मूल २०० वॉट उष्णता निर्माण करते असे धरा. ती सगळी घामाच्या बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला सुमारे ३०० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, नुसता गळून उपयोग नाही. गळलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. गळ्यापर्यंत साखळी ओढलेल्या जाकिटात त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. कपडा पाण्यापासून वाचवतो की नाही एवढेच यादी करणाऱ्याने पाहिले. उन्हापासून आणि उकाड्यापासून वाचवतो का, हे विचारायचे राहून गेले.

बरे, ज्या पाण्यापासून वाचायचे ते पाणी तरी कोणते? मुंबई बंदरातला शिडाच्या होड्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. म्हणजे पावसाळा सोडून. या आठ महिन्यांत आकाशातून पाणी पडतच नाही म्हटले तरी चालेल. पाणी येते ते लाटेच्या तुषारांतून आणि होडी उलटल्यावर. शिकणाऱ्या मुलांची होडी उलटणारच. उलटून सरळ करणे हा तर पहिला धडा असतो. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या मुलाला कुठलाही रेनकोट कोरडे ठेवीत नाही. आणि ठेवायचे तरी कशाला? इथे समुद्राचे पाणी जानेवारीतही साधारण २५ अंश असते, मे महिन्यात ३० अंशांच्या जवळ जाते. ज्या समुद्रांत हिवाळ्यात पाणी सात-आठ अंशांवर येते, तिथे भिजणे म्हणजे काही मिनिटांत हात बधिर होणे. तिथल्या पालकाने मुलासाठी असे जाकीट घेतले नाही तर तो निष्काळजी ठरेल. ती यादी तिथे शहाणपणाची आहे. आमच्या शिबिराने ती जशीच्या तशी उतरवून घेतली, लोकरीच्या टोपीसकट.

पावसातल्या शर्यतींचे निराळे. जुलैत हैदराबादच्या हुसेनसागरावर मुलांच्या शर्यती होतात. समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंची, मोकळा वारा, ओले अंग. तिथे वारा अडवणारा हलका झगा खरोखर उपयोगी पडतो. पण तो वारा अडवतो म्हणून.

या निमित्ताने पालकांच्या बैठकीत ऐकलेला एक समज सांगतो. 'कपड्यात पाणी भरले की मूल जड होऊन बुडते, म्हणून जलरोधक हवे.' ऐकायला पटते. पण पँटमध्ये शिरलेले सहा लिटर पाणी समुद्रात असताना काहीच वजनाचे नसते; पाण्यातले पाणी ते. आर्किमिडीज दहावीपर्यंत शिकवूनही हा समज जात नाही, कारण आपण तो बादलीच्या पाण्यात सोडलेल्या दगडापुरता शिकवतो. अडचण येते ती मूल होडीत परत चढू पाहते तेव्हा. तेव्हा हे सहा लिटर सहा किलो होतात, तेही थकलेल्या हातांवर. घोट्याशी घट्ट आवळलेली जलरोधक पँट या पाण्याला बाहेर पडू देत नाही, सुती चड्डी लगेच सोडून देते. शिवाय सैल कपडा पोहताना ओढ लावतो. तरंगवणारी गोष्ट एकच, तरंगजाकीट. त्याच्या मापाबद्दल आणि पट्ट्यांबद्दल यादीत एक शब्द नव्हता. 'शिबिरात मिळेल' एवढेच. ज्या वस्तूवर जीव अवलंबून, ती मिळेल ती. आणि ज्या वस्तूची गरज नाही, तिला १०,००० मिलिमीटरची अट! मोठ्या मापाचे तरंगजाकीट पाण्यात वर सरकते आणि मूल त्याच्या आत लोंबकळते. खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत आले तर ते माप त्या मुलाचे नव्हे.

मिठाविषयी थोडे. खाऱ्या पाण्याचे तुषार कापडावर वाळले की मीठ मागे राहते. नुसते सोडियम क्लोराइड ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून विरघळते; समुद्री मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. आपल्या खाडीकाठी आर्द्रता बहुतेक रात्री याच्यावर असते. म्हणून दोरीवर वाळत टाकलेले जाकीट सकाळी पुन्हा दमट लागते. गृहिणीला हे पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीवरून ठाऊक असते. उपाय गोड्या पाण्याने धुणे, एवढाच.

कापडाला पाणी झटकायला लावणारी रसायनेही तपासून घ्यावीत. वर्षानुवर्षे यासाठी फ्लोरिनयुक्त संयुगे वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. त्यांच्या कुळातले पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. मेण आणि सिलिकॉन यांची झटक कमी टिकते, पण चार शनिवार-रविवार होडी चालवणाऱ्या मुलाला तेवढी पुरते.

आमच्या भागाला या विषयात परक्यांच्या याद्यांची गरज पडावी याचे वाईट वाटते. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली; दुर्गाडीचा किल्ला त्याचा साक्षीदार उभा आहे. याच ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांत लावणी करणारी माणसे बांबूच्या काड्यांचे आणि पानांचे इरले पाठीवर घेत. ते अंगाला चिकटत नाही. पाणी वरून ओघळते आणि खालून वारा खेळतो. बाष्प घालवायला पटल नव्हे, मोकळी वाट हवी, हे उष्ण आणि दमट प्रदेशाचे तत्त्व त्यात पुरते पाळलेले आहे. इरले होडीत चालणार नाही, वारा ते शिडासारखे धरील. पण तत्त्व चालेल. आखूड, खालून उघडा, पातळ नायलॉनचा झगा, काखेत जाळी, आणि त्याखाली लगेच वाळणारा पूर्ण बाह्यांचा सदरा. असा झगा उल्हासनगरचा कुठलाही शिंपी एका दुपारी शिवून देईल.

आम्ही ही सगळी आकडेमोड कागदावर मांडून शिबिर चालवणाऱ्यांकडे पाठवली. उत्तर नम्र आले. यादी 'आंतरराष्ट्रीय पद्धतीची' आहे आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको, असे त्यात होते. आमचा आक्षेपही सुरक्षिततेचाच आहे हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसले नाही. लोकरीची टोपी मात्र पुढच्या तुकडीच्या यादीतून गेली, असे ऐकतो.

ती मुलगी दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा गेली. पूर्ण बाह्यांचा सदरा, हनुवटीला दोरी असलेली टोपी, स्वतःच्या मापाचे तरंगजाकीट आणि दर अर्ध्या तासाला पाणी. उरलेल्या दिवसांत तिची होडी चार वेळा उलटली आणि ती चारही वेळा भिजली. महागाचे जाकीट जुलैत कामाला आले. क्लासला जाताना ती ते घालते, साखळी अर्धी उघडी ठेवून. परवा तिने आमच्याकडून नळ नेला आणि शाळेच्या गच्चीवर वर्गमैत्रिणींसमोर जाकिटाची परीक्षा घेतली. पाठ आणि बाही नळ काठोकाठ भरेपर्यंत टिकली. टोपी जिथे गळ्याला जोडली आहे, त्या शिवणीतून पाणी आले.